दोन लाखांचा दावा आणि तीन हजारांचा खर्च: जत तालुक्यातील एक प्रकरण

जिल्हा ग्राहक आयोगाच्या आदेशाचे शेवटचे पान असे होते. तक्रार अंशतः मंजूर. जाबदार विमा कंपनीने तक्रारदारास रु. २,००,०००/- दावा नाकारल्याच्या तारखेपासून द.सा.द.शे. ९ टक्के व्याजासह द्यावेत. शारीरिक व मानसिक त्रासापोटी रु. १०,०००/- द्यावेत. तक्रारीच्या खर्चापोटी रु. ३,०००/- द्यावेत. आदेशाची पूर्तता ४५ दिवसांत करावी.

दोन लाख का द्यायचे यावर आदेशात आठ पाने होती. व्याज कोणत्या तारखेपासून, यावर एक परिच्छेद होता. तीन हजार कुठून आले यावर एक ओळही नव्हती. हे लेखन त्या न लिहिलेल्या ओळीबद्दल आहे.

प्रकरण नमुन्याचे आहे. शेतकरी अपघात विम्याच्या दाव्यांत सांगली जिल्ह्यात पुन्हा पुन्हा येणारे प्रसंग, आकडे आणि हरकती एका घराभोवती मांडल्या आहेत. त्यामुळे माणसांना नावे दिलेली नाहीत. कायद्याच्या तरतुदी आणि निकाल मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

दावा कसा उभा राहिला

उमदी-संख पट्ट्यातली एक वस्ती. घरात बोलणे कानडी, कागद मराठी. २०१८ च्या पावसाळ्याअखेर डाळिंबाच्या बागेला रात्रीची लाइट होती. घरधनी मोटर चालू करायला गेला आणि पेटीजवळ पायाला साप चावला. शेजाऱ्याच्या गाडीवरून त्याला जतच्या ग्रामीण रुग्णालयात नेले. तिथे लस दिली आणि पुढे मिरज सिव्हिलला हलवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. वय ४१. मागे बायको, दोन शाळकरी मुले, म्हातारी आई आणि शेजारच्या वस्तीवर राहणारा धाकटा भाऊ.

त्या वेळी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजना लागू होती. सातबारावर नाव असलेल्या १० ते ७५ वयाच्या शेतकऱ्याचा हप्ता सरकार भरत असे आणि अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये मिळत. सर्पदंश हा अपघाताच्या प्रकारांत स्पष्ट नावाने होता. बाईंनी तालुका कृषी कार्यालयात प्रस्ताव दिला: सातबारा, सहा-क (वारसांची नोंद), फेरफार, मृत्यूचा दाखला, आकस्मिक मृत्यूची पोलिस खबर, घटनास्थळ आणि मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल. कृषी कार्यालयाने तो वेळेत पुढे पाठवला. याची नोंद इथे मुद्दाम करतो, कारण पुढे खर्चाचा प्रश्न निघाला तेव्हा या कार्यालयावर काहीही लादू नये असेच आमचे, म्हणजे अपिलात बाईंची बाजू मांडणाऱ्यांचे, म्हणणे होते.

शवविच्छेदनात मृत्यूचे अंतिम मत राखून ठेवले होते आणि व्हिसेरा (तपासणीसाठी राखलेले अवयवांचे नमुने) पुण्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडे गेला होता. अहवाल आला: विष आढळले नाही. एवढ्या ओळीवर कंपनीने जून २०२० मध्ये दावा नाकारला. पत्र इंग्रजीत होते. ते वस्तीवर कुणालाच वाचता येईना, म्हणून हायस्कूलच्या सरांकडे नेऊन वाचून घेतले.

विष आढळले नाही म्हणजे साप चावला नाही, हे अनुमान मुळातच चुकीचे आहे. सापाचे विष हे प्रथिनांचे मिश्रण असते. कीटकनाशके, अल्कोहोल किंवा धातूंचे विष शोधण्यासाठी व्हिसेऱ्याच्या ज्या नेहमीच्या चाचण्या होतात, त्यांत ते सापडेलच असे नाही. पायावरचे दातांचे व्रण शवविच्छेदनात लिहिलेले होते. जत आणि मिरज दोन्हीकडच्या केसपेपरवर सर्पदंश लिहिले होते आणि लस दिल्याची नोंद होती. कंपनीच्या फाइलमध्ये हे सगळे कागद होते. म्हणजे हा दावा नाकारताना शंकेला जागा होती असे म्हणता येत नाही. कुणीतरी एक कागद वाचला, बाकीचे वाचले नाहीत, आणि एका घराला पाच वर्षे लढावे लागले. खर्चाच्या आदेशात या गोष्टीला सर्वांत जास्त वजन असायला हवे.

आयोगापुढे

तक्रार २०२१ च्या सुरुवातीला सांगलीला दाखल झाली, म्हणजे दावा नाकारल्यापासून दोन वर्षांच्या मुदतीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तेव्हा नवा होता. हप्ता सरकारने भरला असला तरी लाभार्थी हाही ग्राहक, यावर वाद उरलेला नाही. आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

शुल्क नाही म्हणजे खर्च नाही, असा समज मी अनेक ठिकाणी पाहिला आहे, कायद्याची माणसेही त्याला अपवाद नाहीत. आयोगाची पावती शून्याची असते, पण तिथपर्यंत पोचायची किंमत शून्य नसते. पूर्व जतमधून सांगलीला यायचे तर पहाटेची एसटी धरावी लागते. बाई एकट्या येत नसत, दीर सोबत असायचे. म्हणजे एका तारखेला दोन तिकिटे आणि दोन रोज बुडाले. कायदा म्हणतो, वस्तूची चाचणी करावी लागत नसेल तर तक्रारीचा निकाल शक्यतो तीन महिन्यांत द्यावा. इथे निकालाला सव्वादोन वर्षांहून जास्त गेली. पहिले काही महिने कोविडमुळे तारखाच नव्हत्या, पुढे कंपनीने म्हणणे द्यायला मुदती घेतल्या.

मध्ये एकदा राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोडीची बोलणी झाली. सव्वा लाख घ्या आणि मिटवा, असे सांगण्यात आले. बाईंनी नाही म्हटले. अशा वेळी दुबळ्या पक्षावर खरे दडपण कशाचे असते? हरण्याचे नसते, कागद पक्के होते. दडपण पुढच्या तारखांच्या खर्चाचे असते. जिंकल्यावर तो खर्च परत मिळेल अशी खात्री असती तर सव्वा लाखाचा प्रस्ताव मांडायलाच कुणी धजले नसते. खर्चाचा आदेश निकालाच्या शेवटी येतो, पण त्याचा परिणाम पहिल्या दिवसापासून सुरू असतो.

जून २०२३ मध्ये आदेश झाला. कंपनीची सेवेतील त्रुटी मान्य झाली.

तेहतीस हजारांचा हिशोब

कंपनीने राज्य आयोगात अपील केले, तेव्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत फाइल आमच्याकडे आली. त्या वेळी पहिल्यांदा बसून जिल्हा पातळीवरचा खर्च मांडला. तिकिटे बहुतेक नव्हती. हजेरीच्या तारखा आयोगाच्या रोजनाम्यावरून काढल्या. ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. रोजनाम्यात ‘तक्रारदार हजर’ असे लिहिलेले असते आणि प्रवासाचा त्याहून चांगला पुरावा मिळत नाही.

अकरा वेळा बाई हजर होत्या. तिकीट माणशी साधारण १९० रुपये, दोघांचे येऊन-जाऊन ७६०. त्यांतल्या नऊ फेऱ्या मार्च २०२३ पूर्वीच्या, म्हणजे ६,८४०. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट सुरू झाले, त्यामुळे उरलेल्या दोन फेऱ्या ५७० प्रमाणे १,१४०. प्रवासाचे एकूण ७,९८०. बुडालेला रोज धरताना आम्ही शेतमजुरीचा चालू दर न लावता रोजगार हमीचा सरकारी दर लावला, म्हणजे कुणी बोट ठेवणार नाही. महाराष्ट्रात तो २०२१-२२ ला २४८, २०२२-२३ ला २५६ आणि २०२३-२४ ला २७३ रुपये होता. मधला २५६ धरून दोघांचे बावीस रोज ५,६३२. वकील फी १५,०००. टायपिंग, झेरॉक्स, नोटरी, नोटीस, रजिस्टर पोस्ट मिळून ३,४००, कारण जाबदार तीन आणि प्रत्येकाला कागदांचा पूर्ण संच लागतो. पोलिस ठाणे, दवाखाना आणि तलाठ्याकडच्या नकलांचे १,१५०.

बेरीज ३३,१६२ रुपये. आयोगाने दिले ३,०००. झालेल्या खर्चाचा अकरावा हिस्सा. उरलेले तीस हजार कुठून गेले? त्याच दोन लाखांतून. म्हणजे सरकारने शेतकऱ्याच्या विधवेसाठी जी रक्कम ठरवली होती, तिचा सुमारे पंधरा टक्के हिस्सा ती रक्कम मिळवण्यातच गेला.

या हिशोबाला कंपनीच्या बाजूने एक रास्त हरकत येऊ शकते. वकील दिल्यावर पक्षकाराने प्रत्येक तारखेला यायची गरज नसते. हे खरे आहे. शपथपत्र, पुरावा, लोकअदालत, युक्तिवाद अशा पाचेक तारखाच आवश्यक होत्या. बाकीच्या वेळी बाई आल्या त्या भीतीने, की आपण नसलो तर आपले काम मागे पडेल. तेवढ्या पाचच फेऱ्या धरल्या तरी खर्च २६ हजारांच्या घरात राहतो. माझे मत असे की मागताना या पाचच मागाव्यात. फुगवलेला हिशोब एकदा पकडला गेला की उरलेल्या खऱ्या हिशोबावरचाही विश्वास उडतो.

दुसरी हरकत मला मान्य नाही. ती अशी की मानसिक त्रासाचे दहा हजार आणि ९ टक्के व्याज दिले आहे, त्यात खर्च भागला. व्याज हे पैसे अडकून पडल्याबद्दल असते. जून २०२० ते जून २०२३ या तीन वर्षांचे ५४,००० झाले, ते त्या काळात बाईंनी सोसायटीच्या आणि सावकाराच्या कर्जावर जे भरले त्याची भरपाई म्हणूनही अपुरे. त्रासापोटीची रक्कम झालेल्या हानीबद्दल असते. खर्च हा न्याय मागण्यासाठी खिशातून गेलेला पैसा असतो. तीन वेगळ्या गोष्टींची एकत्र मोट बांधली की प्रत्येक गोष्ट कमी पडते.

तीन हजारच का

ग्राहक कायद्याच्या कलम ३९ मध्ये आयोग काय काय आदेश देऊ शकतो याची यादी आहे आणि तिच्या शेवटाकडे पक्षकारांना पुरेसा खर्च देण्याचा अधिकार आहे. ‘पुरेसा’ हा शब्द कायद्यातला आहे. १९८६ च्या कायद्यातही अशी तरतूद होती. कमाल मर्यादा कुठेही नाही.

मग हा आकडा येतो कुठून? माझा अंदाज असा की तो दिवाणी न्यायालयांच्या सवयीतून आला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ मध्ये खोट्या आणि त्रासदायक दाव्याबद्दल जो भरपाईचा खर्च द्यायचा, त्यावर तीन हजारांची मर्यादा आहे आणि ती १९७६ च्या दुरुस्तीपासून तशीच आहे. ही मर्यादा ग्राहक आयोगाला लागू नाही आणि ती सर्वसाधारण खर्चाचीही नाही. सर्वसाधारण खर्च कलम ३५ मध्ये आहे. तिथे नियम उलट आहे: हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा, आणि न्यायालयाला तसे करायचे नसेल तर कारण लेखी द्यायचे.

सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सालेम अॅडव्होकेट बार असोसिएशनच्या निकालात हे पुरते स्पष्ट केले. खर्च प्रत्यक्ष झालेला आणि वाजवी असावा. त्यात जिंकणाऱ्या पक्षाचा गेलेला वेळ, प्रवास आणि मुक्काम, कोर्ट फी, वकील फी, टायपिंग हे सगळे यावे. २०१० च्या विनोद सेठ निकालात दुसरी बाजू आली: खर्चाच्या धास्तीने निरर्थक दावे थांबावेत, पण ज्याचा दावा प्रामाणिक आहे त्याच्यासाठी न्यायालयाचे दार बंद होऊ नये. विधी आयोगाने २०१२ मध्ये २४० वा अहवाल याच विषयावर दिला. कायद्यात कमतरता नाही. कमतरता आहे ती आयोगापुढच्या कागदांत.

या प्रकरणाच्या तक्रार अर्जातले विनंती कलम पाहा: ‘तक्रारीचा खर्च जाबदारांकडून देवविण्यात यावा.’ एवढेच. आकडा नाही, तपशील नाही, पावती नाही. युक्तिवादाच्या दिवशी खर्चावर एक शब्द बोलला गेला नाही. समोर हिशोब नसेल तर आयोग गोल आकडाच लिहिणार. पाच हजार, तीन हजार, कधी दोन. याचा दोष एकट्या आयोगाच्या माथी मारता येत नाही. कैफियत, पुरावा, लेखी युक्तिवाद यांचे ठसे वकिलांच्या हातात बसलेले आहेत. खर्चाच्या तपशिलाचा ठसा आपल्याकडे घडलाच नाही.

अपील

कंपनीने ४५ दिवसांच्या मुदतीत अपील केले. ज्याच्यावर पैसे देण्याचा आदेश आहे त्याने अपील करताना निम्मी रक्कम भरावी लागते. दोन लाख, व्याज ५४,०००, त्रासापोटी दहा आणि खर्च तीन, असे २,६७,०००, त्यातले १,३३,५०० भरले गेले. आदेशाला स्थगिती मिळाली. जुन्या कायद्यात ही भरणा निम्मी रक्कम किंवा २५,००० यांपैकी जे कमी असेल तेवढीच होती. त्या मानाने लाभार्थ्याची बाजू आता बरीच सावरली आहे.

बाईंनी पहिल्याच भेटीत विचारले, “साहेब, त्यो तीन हजाराचा आकडा वाढवून मागता येतुय का आता?”

तिथे कायदा आडवा येतो. समोरच्याच्या अपिलातच आपली हरकत मांडण्याची, म्हणजे क्रॉस ऑब्जेक्शनची, वेगळी तरतूद ग्राहक कायद्यात नाही. खर्च कमी दिला असे वाटत असेल तर बाईंनी स्वतःचे अपील ४५ दिवसांत करायला हवे होते. जिंकलेला माणूस तीन हजारांसाठी मुंबईला अपील करील, ही कल्पनाच कुणाला सुचत नाही. त्यामुळे जिल्हा पातळीवरचा खर्च जो ठरला तो ठरला. हे बाईंना समजावून सांगणे मला फार जड गेले, कारण तेहतीस हजारांचा कागद आमच्या दोघांच्या मध्येच टेबलावर होता.

मात्र अपिलाचा खर्च हा वेगळा मागता येतो. तिथे सुरुवातीपासून वही ठेवायची असे ठरले. दिरांनी शाळेची शंभर पानी वही आणली. डाव्या पानावर तारीख, काम आणि रक्कम, उजव्या पानावर चिकटवलेले तिकीट. दुसऱ्या भेटीला वही उघडली तर पहिली दोन तिकिटे जवळजवळ कोरी झाली होती. कंडक्टरच्या मशीनचा कागद उष्णतेने उमटणारा असतो, त्यावरची अक्षरे काही आठवड्यांत फिकट होतात. तेव्हापासून तिकीट मिळाले की त्याच दिवशी झेरॉक्स काढायची आणि झेरॉक्स चिकटवायची, मूळ तिकीट पाकिटात. दीर म्हणाले, “एक रुपाय जास्त गेला तर जाऊ दे, पर आकडा दिसला पायजे.”

सुनावणी व्हिडिओवरून घेण्याची विनंती करता येते, तशी तरतूद कायद्यात आहे, आणि बऱ्याच तारखा तशा झाल्या. एकदाच दीर मुंबईला गेले, त्याचे २,१०० झाले. सांगलीच्या तीन फेऱ्यांचे १,७१०. कागद आणि कुरिअरचे ९५०. आठ रोज २७३ प्रमाणे २,१८४. एकूण ६,९४४. हा तपशील शपथपत्रासह, वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडून, अंतिम युक्तिवादाच्या आधी दाखल केला आणि प्रत कंपनीच्या वकिलांना दिली.

सोबत वाजवी वकील फी वेगळी मागितली. यावर कंपनीची हरकत आली: तक्रारदारास मोफत विधी सेवा मिळाली आहे, मग फी कसली? हरकत वरवर बिनतोड दिसते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही महिलेला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. (हे बाईंना २०२१ मध्ये कुणी सांगितले असते तर पंधरा हजार वाचले असते.) आमचे उत्तर असे होते की ही सेवा सार्वजनिक पैशातून बाईंसाठी आहे, हरलेल्या कंपनीला सवलत म्हणून नाही. फी बाईंना देऊ नका, हवी तर प्राधिकरणाकडे जमा करायला सांगा.

२०२५ मध्ये अपील फेटाळले. व्हिसेऱ्याचा मुद्दा टिकला नाही. फीबद्दलचे आमचे म्हणणे मान्य झाले नाही आणि माझ्या मते ती चूक आहे. समोरच्याकडे मोफत वकील आहे हे कळल्यावर लढा लांबवणे कंपनीला उलट स्वस्त पडते. पण प्रत्यक्ष खर्चापुढे आदेशात लिहिले होते: ‘तपशिलाचे अवलोकन केले. तो वाजवी दिसतो. अपिलाच्या खर्चापोटी रु. ६,९४४/- द्यावेत.’

तीन हजारांपेक्षा हा आकडा रकमेने फार मोठा नाही. पण तो गोल नाही. कुणीतरी वहीची पाने उलटली, बेरीज तपासली आणि मान्य केली, हे त्या चार अंकांवरून कळते.

लाभार्थी हरला तर

खर्च मागा असे म्हणताना, हरलो तर समोरच्याचा खर्च अंगावर येईल ही भीतीही विचारात घ्यावीच लागते. कलम ३९ पक्षकारांना खर्च देण्याचे म्हणते, फक्त तक्रारदाराला असे नाही. ब्रिटनमध्ये सामाजिक सुरक्षेच्या अपिलांसाठी जे फर्स्ट-टायर ट्रिब्युनल आहे, त्याच्या २००८ च्या नियमांत खर्चाचा कोणताही आदेश द्यायला थेट मनाई आहे. त्यामागचा हेतू चांगला आहे: आपण हरलो तर सरकारचा खर्च अंगावर येईल या भीतीने कुणी भत्त्याचा हक्क सोडू नये. पण तसाच नियम इथे आणला तर उमदीहून सांगलीला येणाऱ्या बाईंच्या पदरी काहीच पडणार नाही.

मला योग्य वाटतो तो मार्ग एकतर्फी आहे. कल्याण योजनेचा लाभार्थी प्रामाणिकपणे दावा करून हरला तर उभय पक्षांनी आपापला खर्च सोसावा. खोटे कागद केले असतील तरच अपवाद. पण देणारा पक्ष हरला, आणि विशेषतः जे कागद त्याच्याच फाइलमध्ये होते ते न वाचता हरला, तर त्याने प्रत्यक्ष खर्च पूर्ण द्यावा. दोन्ही पक्ष सारखे नाहीत. एक पक्ष आयुष्यात एकदा आयोगाची पायरी चढतो, दुसऱ्याचे वकील तिथे रोज असतात. आपल्याकडच्या जुन्या कामगार कायद्यांनीही खर्च विवेकावर सोडून ही जागा ठेवलेली होती. कामगार विमा कायदा, १९४८ चे कलम ७८ आणि १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचे कलम २६ ही त्याची उदाहरणे. विवेक वापरायला आधार लागतो, तो आपण द्यायचा.

खर्च परत मिळत नाही तिथे आणखी एक गोष्ट शिरते, ती म्हणजे टक्केवारी. गावोगाव दाव्यांची कामे करून देणारे लोक मिळालेल्या रकमेतला वाटा ठरवून घेतात. वकिलाला तसा करार करता येत नाही, बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत ते स्पष्ट मना आहे. मध्यस्थाला कोण अडवणार? दोन लाखांतले चाळीस-पन्नास हजार असे गेले तर त्याची कुठे नोंदही होत नाही.

आता परिस्थिती बदलली आहे

एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने विमा कंपनी बाजूला झाली. आता ती सानुग्रह अनुदान योजना आहे आणि प्रस्तावावर तालुका पातळीवर तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालील समिती निर्णय घेते. मृत्यूला रक्कम दोन लाखच आहे. कंपनीच्या हरकती गेल्या, हे चांगले झाले. पण त्यासोबत विम्याचा करारही गेला, आणि ग्राहक आयोगाकडे ‘पुरेसा खर्च’ मागण्याचा पायाच डळमळला. समितीपुढे वकील लागत नाही, म्हणून तिथे खर्च होत नाही असे धरले जाते. तलाठी, पोलिस ठाणे, मिरज सिव्हिल, पुन्हा तहसील, या फेऱ्या जशा होत्या तशाच आहेत.

समितीने चुकीचा नकार दिला आणि वरही दाद लागली नाही, तर उरते उच्च न्यायालयातली रिट याचिका. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. सांगली आणि साताऱ्याची कामे आता तिथे चालतात, त्यामुळे मुंबईच्या फेऱ्या वाचल्या. रिट याचिकेत, म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली, खर्चाचा आदेश देणे पूर्णपणे न्यायालयाच्या विवेकावर आहे, तिथे तर हिशोबाशिवाय काहीच हाती लागत नाही. संजय गांधी निराधार योजनेत हा प्रश्न आणखी बोचतो. महिना १,५०० रुपयांचे अनुदान चुकीने वर्षभर बंद राहिले तर थकीत रक्कम होते १८,०००. ती मागण्यासाठी याचिका करायची तर मागण्याचाच खर्च तिच्यावर जातो. अशा प्रकरणात खर्चाचा आदेश हा निकालाला जोडलेली पुरवणी राहत नाही. तो मिळणार नसेल तर हक्क कागदावरच राहतो.

या प्रकरणात कंपनीने अपिलानंतर रक्कम भरली, वसुलीसाठी दरखास्त करावी लागली नाही. जमा रकमेसोबत ६,९४४ आले. जिल्हा आदेशातले तीन हजार तीन हजारच राहिले.

सध्या नव्या तक्रारींत आम्ही विनंती कलम असे लिहितो: ‘तक्रारीचा प्रत्यक्ष खर्च, सोबतच्या तपशिलाप्रमाणे व अंतिम युक्तिवादापर्यंत होणाऱ्या वाढीसह, जाबदारांकडून देवविण्यात यावा, तो नाकारल्यास किंवा कमी केल्यास कारणे नमूद व्हावीत.’ तपशिलाचा कागद शपथपत्रावर, रोजनाम्याच्या नकलेसह, युक्तिवादाच्या आधी दाखल करतो. आदेश हातात आला की खर्चाचा आकडा त्याच दिवशी तपासतो आणि पक्षकाराला अपिलाच्या ४५ दिवसांची शेवटची तारीख लिहून देतो.